एक जहाज नकाशावरून ४ दिवस गायब, दुसरं थेट विमानतळावर. माल नक्की कुठे आहे हे कसं ओळखायचं?

द्राक्षबाग_निफाड

दोन ४० फुटी रीफर (माल थंड ठेवणारे कंटेनर) पाठवलेत, दोन्हींत थॉमसन द्राक्षं. एक न्हावा शेवाहून रॉटरडॅमला, आफ्रिकेच्या दक्षिणेच्या केपला वळसा घालून जाणाऱ्या जहाजावर. दुसरा जेद्दाला. फॉरवर्डरकडून (माल पाठवायची व्यवस्था करणारा) जहाजांची नावं घेतली आणि फुकटच्या नकाशावर रोज बघतोय.

रॉटरडॅमच्या जहाजाचा ठिपका मुंबईपासून थोडं पुढे जाऊन थांबलाय. खाली लिहिलंय "शेवटची नोंद ४ दिवसांपूर्वी". जेद्दाचं जहाज काल दुपारपर्यंत तांबड्या समुद्रात नीट दिसत होतं, मग अचानक जमिनीवर, विमानतळाच्या धावपट्टीजवळ. वेग १०२.२ नॉट (तासाला तेवढे सागरी मैल). दोन तासांनी परत पाण्यात.

विचारायचं आहे ते असं. पहिलं जहाज कुठे असेल याचा अंदाज कसा बांधायचा? दुसऱ्याचं काय झालं? पुढच्या खेपेला स्वतःचा सॅटेलाइट ट्रॅकर कंटेनरमध्ये टाकला तर माल समुद्रावरही दिसेल का? आणि पेट्यांमधलं तापमान वाटेत कळायचा काही मार्ग आहे का?

चार्टरूम

पहिल्या जहाजाची काळजी नको. तुम्ही बघताय तो नकाशा बहुतेक उपग्रहावर चालतच नाही, म्हणून ते दिसत नाही.

जहाजाला आपली जागा उपग्रहांवरून कळते हे खरं. पण ती जागा बाहेरच्यांना सांगणारं एआयएस हे साधं व्हीएचएफ (कमी पल्ल्याचं रेडिओ) यंत्र आहे. मोठ्या जहाजावर ते १२.५ वॉटचं असतं आणि १६१.९७५ व १६२.०२५ मेगाहर्ट्झवर बोलतं. व्हीएचएफ सरळ रेषेत जातं, पृथ्वीच्या बाकाबरोबर वळत नाही. किनाऱ्यावरच्या उंच अँटेनाला साधारण ४० सागरी मैलांपर्यंतचं जहाज ऐकू येतं, त्यापुढे शांतता. उन्हाळ्याच्या तोंडावर अरबी समुद्रावर हवेचे थर असे बसतात की कधी कधी २०० मैलांवरचं जहाजही ऐकू येतं, पण त्यावर भिस्त ठेवू नये. फुकटच्या नकाशात बहुधा एवढंच किनाऱ्यावरचं ऐकलेलं असतं. उपग्रहाने टिपलेल्या नोंदींचे पैसे पडतात.

उपग्रहालाही सगळं ऐकू येत नाही. एआयएसमध्ये प्रत्येक मिनिटाचे २,२५० तुकडे पाडलेले असतात, आणि एकमेकांच्या आवाजाच्या टप्प्यातली जहाजं हे तुकडे आपापसात वाटून घेतात. उपग्रह मात्र वरून सुमारे ५,००० किलोमीटर व्यासाचं वर्तुळ एकदम ऐकतो. त्यात एकमेकांना कधीच न ऐकलेली शेकडो जहाजं एकाच तुकड्यात बोलत असतात, म्हणून संदेश एकमेकांवर आदळून फुटतात. मलाक्काची सामुद्रधुनी, चीनचा किनारा इथे हे फार होतं. दक्षिण हिंदी महासागरात गर्दी कमी, तिथे उपग्रहाची नोंद चांगली मिळते. तुमच्या जहाजासाठी महिनाभराचं शुल्क भरलंत तर केपच्या वाटेवर पैसे वाया जाणार नाहीत.

शुल्क भरायचं नसेल तर अंदाज असा काढा. शेवटच्या नोंदीतला वेग समजा १६ नॉट. ४ दिवस म्हणजे ९६ तास, ९६ × १६ = १,५३६ सागरी मैल. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, म्हणजे साधारण २,८४५ किलोमीटर. मुंबईपासून नैर्ऋत्येला मॉरिशसच्या दिशेने तेवढं अंतर मोजा, तुमचं जहाज त्याच्या आसपास असणार. न्हावा शेवा ते केप ऑफ गुड होप सुमारे ४,६०० मैल, या वेगाने १२ दिवस. मधल्या काळात मॉरिशस, रियुनियन किंवा डर्बनजवळ एखाद-दोन वेळा दिसेल, मग केपचा किनारा, मग पुन्हा बरेच दिवस काही नाही, आणि पुढे डकार-कॅनरी बेटांच्या बाजूला. नोंदीतली ही भोकं ठरलेलीच आहेत.

ठिपक्यावर टिचकी मारल्यावर जी माहिती उघडते त्यातली कोणती मशीनची आणि कोणती माणसाने भरलेली, हे ओळखायला शिका. जागा, वेग, दिशा ही यंत्रातून आपोआप जाते. चालत्या जहाजाची नोंद वेगानुसार दर २ ते १० सेकंदांनी, नांगर टाकलेल्याची दर ३ मिनिटांनी. पण "कुठे चाललंय", "कधी पोहोचेल" आणि "चालू आहे की धक्क्याला आहे" हे अधिकारी हाताने भरतात आणि बदलायचं राहून जातं. म्हणूनच १७ नॉटने पळणारं जहाज कधी कधी "धक्क्याला बांधलेलं" दिसतं. पोहोचायची वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते, आपल्याकडच्या वेळेसाठी साडेपाच तास मिळवा.

शोधताना जहाजाचं नाव टाकू नका, एकाच नावाची जहाजं पुष्कळ असतात. ७ अंकी आयएमओ नंबर (जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक) मागून घ्या. जहाज विकलं, नाव बदललं, झेंडा बदलला तरी तो बदलत नाही. नंबर बरोबर लिहिलाय का हेही तपासता येतं. पहिल्या सहा अंकांना क्रमाने ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणायचं आणि बेरीज करायची. बेरजेचा शेवटचा अंक म्हणजे नंबरातला सातवा अंक. उदाहरणार्थ ९०७४७२९: ६३ + ० + ३५ + १६ + २१ + ४ = १३९, शेवटी ९. जुळलं.

सेकंडमेट_गुहागर

जेद्दाच्या जहाजाबद्दल. तुमचं जहाज जागेवरच असणार, त्याच्या जीपीएसला कोणीतरी खोटी जागा सांगत होतं.

जीपीएसचे उपग्रह २०,२०० किलोमीटरवर आहेत. त्यांचा संकेत खाली पोहोचेपर्यंत सुमारे −१३० डीबीएम इतका क्षीण होतो. जमिनीवरचं जवळचं यंत्र त्याला सहज दाबून टाकतं. यात दोन प्रकार आहेत. नुसता गोंगाट केला की रिसीव्हर आंधळा होतो, मग एआयएस अक्षांश ९१ आणि रेखांश १८१ पाठवतं. असं ठिकाण पृथ्वीवर नाही, "जागा माहीत नाही" असं सांगायची ती ठरलेली खूण आहे. नकाशावर मग ठिपका जुन्या जागी गोठतो. दुसरा प्रकार फसवणुकीचा. खऱ्यासारखा बनावट संकेत सोडतात आणि रिसीव्हर तो खरा मानून चुकीची जागा छातीठोकपणे सांगतो. विमानतळावर उडी, गोल गोल फिरणारी वाट, ही त्याची लक्षणं. १०२.२ नॉट हा एआयएसमध्ये मावणारा सगळ्यात मोठा वेग आहे. क्षणात कित्येक मैलांची उडी झाली की तो आकडा येतो. १०२.३ दिसला तर त्याचा अर्थ "वेग उपलब्ध नाही" एवढाच.

खात्री करायची सोपी रीत: त्याच वेळी आसपासची बाकीची जहाजं बघा. एकाच धावपट्टीवर वीस-पंचवीस जहाजं गोळा झालेली दिसली तर तो त्या भागातला व्यत्यय आहे. तुमचं एकटंच जहाज वेडंवाकडं दिसत असेल तर त्याच्याच अँटेनात किंवा वायरिंगमध्ये दोष असू शकतो.

ब्रिजवर (जहाज चालवतात तिथे) हे हलकं प्रकरण नसतं. एकच जीपीएस एआयएसला, ईसीडिस या संगणकी नकाशाला, संकटाच्या रेडिओला, जायरोच्या (दिशा दाखवणाऱ्या होकायंत्राच्या) दुरुस्तीला आणि काही ठिकाणी घड्याळालाही आकडे पुरवत असतो. तो चुकला की सगळेच एका सुरात चुकतात, आणि एकमेकांशी जुळतात म्हणून खरे वाटतात. यावर उपाय जुनाच आहे. रडारवर न हलणारी खूण धरायची, म्हणजे बेटाचं टोक किंवा बीकन, त्याचं अंतर आणि दिशा घेऊन जागा काढायची. पाण्याची खोली इको साउंडरवर बघून नकाशावरच्या खोलीशी ताडायची. वेग जीपीएसऐवजी लॉगवरून (पाण्यातला वेग मोजणारं यंत्र) घ्यायचा. ईसीडिसला डेड रेकनिंगवर (वेग आणि दिशेवरून जागेचा अंदाज) टाकून दर १५ मिनिटांनी रडारच्या जागेने दुरुस्त करायचं.

१० मे २०२५ रोजी एमएससी अँटोनिया हे कंटेनर जहाज जेद्दाजवळ उथळ जागी रुतलं. जीपीएसमधल्या व्यत्ययामुळे हे झालं असावं, असं सागरी जोखीम अभ्यासणाऱ्यांनी तेव्हा सांगितलं होतं. त्यामुळे त्या भागात कप्तान वेग कमी करतात किंवा रात्री बंदरात शिरायचं टाळतात. तुमच्या हिशेबात एक दिवस जास्तीचा धरा.

आपलं "नाविक" (भारताची जीपीएससारखी प्रणाली) वापरलं तर सुटका होईल का, असं बरेच जण विचारतात. आयएमओने (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने) त्याला नोव्हेंबर २०२० मध्ये मान्यता दिली आहे. पण व्यत्यय आणणारे बहुधा १५७५.४२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर मारा करतात. जीपीएस तिथेच आणि युरोपचं गॅलिलिओही तिथेच, म्हणून नुसत्या प्रणाली वाढवून भागत नाही. नाविकचे एल-५ आणि एस बँड वेगळे आहेत, पण ते ऐकणारा रिसीव्हर जहाजावर बसवलेला हवा.

आणखी एक. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात हल्ल्यांच्या भीतीने काही जहाजं एआयएस मुद्दाम बंद ठेवतात. सुरक्षेसाठी कप्तानाला तशी मुभा आहे. जहाज तेव्हाही बेपत्ता नसतं. एलआरआयटी नावाची वेगळी यंत्रणा दर ६ तासांनी उपग्रहामार्फत जागा कळवते. ती त्या जहाजाच्या झेंड्याच्या देशाकडे जाते, मालवाल्यांना दिसत नाही. शिवाय रोजचा नून रिपोर्ट (दुपारची जागा-वेगाची नोंद) कंपनीकडे जातो. म्हणून फॉरवर्डरला "जहाज कुठे आहे" असं विचारण्यापेक्षा "आजच्या नून रिपोर्टप्रमाणे ईटीए (पोहोचायची अंदाजे वेळ) काय" असं विचारा, नेमकं उत्तर मिळतं.

शीतसाखळी

ट्रॅकरवर पैसे घालण्याआधी कंटेनर जहाजावर कुठे असतो ते डोळ्यासमोर आणा. रीफर सहसा डेकवर खालच्या थरांत किंवा होल्डमध्ये ठेवतात, कारण खलाशाला प्लगपर्यंत आणि डिस्प्लेपर्यंत पोहोचता आलं पाहिजे. वर चार-पाच थर, दोन्ही बाजूंना पोलादी भिंती. उपग्रहाशी बोलणाऱ्या ट्रॅकरला मोकळं आकाश लागतं. पेटीत ठेवलेला ट्रॅकर पोलादातून जीपीएस ऐकू शकत नाही आणि वर काही पाठवूही शकत नाही. कंटेनरच्या बाहेर बसवला तरी वर दुसरा कंटेनर आला की गप्प. बंदराच्या यार्डात उतरल्यावर मात्र बोलायला लागतो. थोडक्यात, समुद्रावर ज्या दिवसांची तुम्हाला काळजी असते नेमके तेच दिवस कोरे जातात.

सिमवाल्या ट्रॅकरचंही तेच, समुद्रात टॉवर नाहीत. पण तो वाटेतलं तापमान साठवून ठेवतो आणि बंदराजवळ नेटवर्क मिळालं की एकदम पाठवतो. एवढं पुरत असेल तर घ्या. घेताना सिमला नेदरलँड्सचं किंवा सौदीचं रोमिंग आहे का ते लेखी विचारा, आणि तो दाराच्या बाजूला वरच्या पेटीत ठेवा. आतल्या टोकापेक्षा तिथून सिग्नल निसटायची शक्यता जास्त.

वाटेत खरोखर बघायचं असेल तर मार्ग वेगळा आहे. नव्या रीफरच्या यंत्रातच मोडेम असतो. जहाजावर कंपनीचं छोटं मोबाइल नेटवर्क बसवलेलं असतं, मोडेम त्याला जोडतो आणि तिथून माहिती जहाजाच्या उपग्रह डिशमधून किनाऱ्यावर येते. आकाश डिशला दिसतं, कंटेनरला दिसायची गरज उरत नाही. ही सोय सगळ्या कंपन्यांच्या सगळ्या जहाजांवर नसते. बुकिंग करतानाच विचारा: या जहाजावर रीफर मॉनिटरिंग आहे का, आणि मला लॉगिन मिळेल का.

आकडे मिळाले तर वाचायचे कसे? द्राक्षाला सेट पॉइंट (यंत्रावर ठरवून दिलेलं तापमान) सहसा −०.५ ते ० अंश. यंत्र सोडते ती सप्लाय हवा सेट पॉइंटला चिकटून असली पाहिजे. माल फिरून परत येते ती रिटर्न हवा अर्धा ते एक अंशाने जास्त असेल तर ठीक. सप्लाय बरोबर आणि रिटर्न ३-४ अंशांवर अडून बसलेली, असं दिसलं तर माल गरम भरला गेलाय किंवा पेट्यांच्या रचनेने हवेची वाट अडवलीय. रीफर थंडी टिकवतो, गरम माल गार करणं त्याचं काम नाही. मण्याचं आतलं तापमान प्रीकूलिंगमध्ये (भरण्याआधी गार करताना) ० ते १ अंशावर आणल्याशिवाय दार लावू नये. मधूनच अर्धा तास आकडा चढून उतरला तर तो डीफ्रॉस्ट (यंत्रावर जमलेला बर्फ वितळवणं) आहे, घाबरू नका. आकडे येणंच थांबलं आणि पुढच्या नोंदीत रिटर्न चढलेली दिसली, तर वीज गेली होती असं समजा आणि किती तास गेली ते विचारा.

पेटीतले साधे लॉगर (तापमान नोंदवणारी छोटी यंत्रं) तरीही ठेवाच, दोन ठेवा. एक यंत्राच्या बाजूच्या पॅलेटमध्ये, एक दाराजवळच्या शेवटच्या पॅलेटमध्ये वरच्या पेटीत, घडांच्या मध्ये. भिंतीला किंवा फरशीला टेकवला तर तो मालाऐवजी हवेचं तापमान सांगतो. दाराजवळचा भाग सर्वांत उष्ण असतो, म्हणून भांडणात त्याच्याच नोंदीला वजन. केपच्या वाटेवर लॉगरचे दिवस मोजून घ्या. नुसता प्रवास १६ नॉटने सुमारे २८ दिवसांचा, त्यात मधली बंदरं, आधीचं यार्ड, नंतरची तपासणी. ३० किंवा ४५ दिवसांचा लॉगर वाटेतच मरतो. ९० दिवसांचा घ्या आणि नोंद दर १५ मिनिटांनी ठेवा. आणि बटण दाबल्यावर दिवा लागला का ते बघूनच पेटी बंद करा. न सुरू झालेले लॉगर दर हंगामात रॉटरडॅमला पोहोचतात.

उरणफाटा

वरचं सगळं बरोबर आहे, पण एक पायरी राहिलीय, आणि माझ्या मते ती पहिली आहे. ठिपका जहाजाच्या अँटेनाचा असतो. तुमचा माल त्या जहाजावर आहे हे नकाशा सांगत नाही.

जहाज कंपनीच्या साइटवर बीएल नंबर (मालाच्या वाहतुकीच्या कागदाचा) टाकू नका, कंटेनर नंबर टाका. चार अक्षरं आणि सात अंक. घटनांची यादी उघडेल: रिकामा उचलला, गेट-इन (बंदराच्या आवारात आला), लोडेड (जहाजावर चढला), सेल्ड (जहाज निघालं), पुढे ट्रान्सशिपमेंट (वाटेत जहाजबदल) असेल तर डिस्चार्ज (उतरवला) आणि पुन्हा लोडेड. "लोडेड" या ओळीसमोर कोणत्या जहाजाचं नाव आणि कोणता व्हॉयेज नंबर (फेरीचा क्रमांक) आहे तेच खरं. बुकिंगच्या कागदावरचं नाव हा नुसता बेत असतो. हंगामात जहाज भरलं की कंटेनर मागे राहतो आणि पुढच्या जहाजावर जातो. ईमेल येतो किंवा येत नाही.

भारतातल्या टप्प्यासाठी लॉजिस्टिक्स डेटा बँक (कंटेनरचा माग ठेवणारी यंत्रणा) आहे, न्हावा शेवात २०१६ पासून. ती आरएफआयडी (रेडिओने वाचता येणाऱ्या) टॅगवर चालते. गेटमधून कधी आत गेला ते नीट कळतं, समुद्रावर मात्र तिचा उपयोग नाही. दोन्ही कंटेनर आत्ता तपासा आणि इथे लिहा.

द्राक्षबाग_निफाड

तपासलं. रॉटरडॅमचा "लोडेड", जहाज तेच, व्हॉयेज नंबरही जुळतो. जेद्दाच्या कंटेनरसमोर फक्त "गेट-इन" आहे, ६ दिवसांपूर्वीचं. त्यापुढे ओळच नाही. मग मी ज्या जहाजाला विमानतळावर बघत होतो त्यावर माझा माल नाहीच का?

उरणफाटा

बहुधा नाही, दादा. कंपनीची साइट कधी मागे पडते, म्हणून आधी टर्मिनलच्या स्वतःच्या साइटवर कंटेनर नंबर टाका. तिथे "यार्डमध्ये" असं आलं तर कंटेनर मागे राहिलाय हे पक्कं. मग आजच्या आज ही कामं.

कंपनीकडून नवीन जहाज आणि व्हॉयेज नंबर लेखी घ्या. नुसतं "नेक्स्ट व्हेसल" चालणार नाही. बीएलचा मसुदा जुन्या जहाजाच्या नावाने तयार झाला असेल तर थांबवा. "शिप्ड ऑन बोर्ड"ची तारीख माल खरोखर चढला ती हवी, नाहीतर एलसीवर (बँकेच्या हमीपत्रावर) बँक अडवते. सीएचएला (कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटला) सांगा की ईजीएम (निघालेल्या जहाजावरच्या मालाची कस्टम्सला दिलेली यादी) नव्या जहाजाखाली जाईल याकडे लक्ष ठेव. शिपिंग बिल (निर्यातीचा कस्टम्सचा कागद) एका जहाजावर आणि ईजीएम दुसऱ्या, असं झालं की आयजीएसटीचा (निर्यातीवर भरलेल्या कराचा) परतावा महिनोन् महिने अडकतो. यार्डातल्या जादा दिवसांचं प्लगचं भाडं कोणाच्या खात्यावर, हेही आत्ताच ईमेलवर विचारा. कंपनीच्या कारणाने राहिला असेल तर तुम्ही का भरायचं?

शीतसाखळी

त्याच ईमेलमध्ये टर्मिनलचे रीफरचे आकडे मागा: गेट-इनपासून आजवरचं सेट पॉइंट, सप्लाय, रिटर्न, वेळेसकट. सेट पॉइंट −०.५ आहे का ते स्वतः बघा. वजा चिन्ह सुटून +०.५ भरलेलं असतं, आणि कधी थेट +५. ट्रेलरच्या जेनसेटवरून (जनरेटरवरून) काढल्यापासून यार्डात प्लग लागेपर्यंत किती वेळ गेला, तोही आकडा लिहून ठेवा.

सल्फरच्या पॅडचाही (पेटीत बुरशी रोखायला ठेवतात तो) हिशेब मांडा. जेद्दाचा थोडक्या दिवसांचा प्रवास धरून पॅड घातला असेल तर पुढच्या जहाजाची तारीख बघा. पॅडच्या दिवसांच्या पलीकडे जात असेल तर खरेदीदाराला आजच कळवा. माल उतरल्यावर देठ काळे किंवा मणी गळलेले दिसले तर जेद्दात दार उघडताना सर्व्हेयर (नुकसान तपासणारा) उभा हवा, आणि माल ताब्यात आल्यापासून ३ दिवसांच्या आत कंपनीला लेखी कळवलेलं हवं. न दिसणाऱ्या नुकसानीला ही मुदत असते. बाहेरून दिसणारं असेल तर ताबा घेतानाच पावतीवर लिहा.

द्राक्षबाग_निफाड

टर्मिनलच्या साइटवर "यार्डमध्ये, प्लग चालू". ईमेल गेले. पॅड २१ दिवसांचा आहे, माल भरून आज ७ वा दिवस.